तात्याबा गप्प बसले

केंदूरच्या दूध संकलन केंद्रावर तात्याबा बसतात. वय साठीकडे झुकलेलं, आवाज मात्र चार वस्त्यांना पुरेल असा. पूर्वी प्रत्येकाच्या दुधाची फॅट ते माईकवरून वाचायचे आणि वर शेरा मारायचे. "सर्जेराव, फॅट चार! म्हैस हाय का नळ?" सर्जेराव शिव्या देत हसायचे, सगळी रांग हसायची. कुणाची गाय आटली, कुणाकडे पाहुणे आले म्हणून दूध कमी आलं, सगळं गावाला सकाळीच कळायचं.

सोयरीक जुळवताना तर लोक आधी तात्याबांना गाठायचे. माणसं गोड बोलतात, पण घर कसं चाललंय ते रोजच्या दुधावरून कळतं, असं आमच्याकडे मानतात.

मग डेअरीने सगळ्या केंद्रांवरच्या लोकांना प्रशिक्षणाला बोलावलं. संगणकात ज्या माणसाची माहिती आहे, त्याला विचारल्याशिवाय ती दुसऱ्याला द्यायची नाही, असा कायदा झालाय. पुरता लागू व्हायला अवकाश आहे, पण डेअरीने आत्तापासूनच सवय लावायची ठरवली. तात्याबा परत आले ते गप्प होऊनच. "आता झोपेत फॅट बोलत्यात," असं त्यांच्या पत्नी गीताबाई सांगतात.

नेमकी तेव्हाच मला त्यांची गरज पडली. माझी सायली रांजणगावला कंपनीत आहे. तिला शेजारच्या गावातल्या विश्वजीतचं स्थळ आलं. त्याची आई, तुळजाबाई, म्हणाली, "गोठ्यात चौदा गाई हायत." मुलगा सायलीला आवडला, तिच्या वडिलांनाही. मला मात्र चैन पडेना. चौदा खऱ्या की सांगण्यापुरत्या? इथे खोटं असेल, तर पोरीला दिल्यावर काय काय निघेल? त्यांचं दूध आमच्याच केंद्रावर येतं. मी कुणी नाही असं बघून गेले.

"तात्याबा, तुळजाबाईंचं दूध किती येतं हो?"

तात्याबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला.

"हे काय?"

"तोंडावरनं वळखत्यात लोक, वहिनी."

"बरं, जास्त की कमी, एवढंच सांगा."

"हवा छान हाय आज."

"तात्याबा, माझ्या पोरीचा प्रश्न आहे!"

"मग त्यांनाच इचारा की. त्या व्हय म्हनल्या तर दिसभर सांगतो. लई साठलंय हो पोटात."

मला रागच आला. पण काळजी रागापेक्षा मोठी. संशय घेतला म्हणून सोयरीक मोडली तर? तरी धीर करून तुळजाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "उद्या सकाळी केंद्रावर या," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मोडलंच, असं मी धरून चालले.

सकाळी त्या दुधाचे कॅन घेऊन आल्या. "तात्याबा, माझं सगळं सांगा ह्यांना."

"तुमची परवानगी?"

"व्हय म्हनलं न्हवं!"

टॉवेल उडाला. "आत या, दार लावा. परवानगी दोघींपुरतीच हाय. दिवसाला नव्वद लिटर, फॅट तीन-सात! दुधात नऊ गाई. तांबडी लाथाडती, धार काढताना गाणं लावलं की गप ऱ्हाती, आन् ती ठिपक्याची..."

"नऊ?" मी म्हटलं. "तुम्ही तर चौदा म्हणालात."

"पाच कालवडी धरायच्या न्हाईत व्हय? त्या काय मांजरी हायत?"

मला हसू फुटलं. तुळजाबाई हसल्या नाहीत. "आता तुमचं. आमी बी इचारनार की."

'आमच्याकडे गोठा आहे' एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. तात्याबा माझ्याकडे बघत होते, हात टॉवेलवर. मी म्हटलं, "सांगा."

"एकच म्हैस, आक्का! ती बी आटलेली. दोन म्हैने थेंब न्हाई!"

आता तुळजाबाई पोट धरून हसल्या. "मंग पोरीला धार काढता येती का?"

"नाही."

"आमच्या विश्वजीतला येती. चालंल. रविवारी सुपारी फोडू."

रिकामे कॅन स्कूटरला अडकवून त्या निघाल्या. मी लगेच सायलीला फोन लावला. "अगं, नऊच गाई आहेत!"

"मला माहीत आहे, आई. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"त्यानं मला सांगितलं होतं, तुला नाही."

मी फोन ठेवला. आता रविवारी किती माणसं येणार, हे तुळजाबाईंना विचारायचं राहिलंच.