टेकूमामांच्या फळ्या

सावली बरी दिसली म्हणून मी स्कूटर आमच्या दारासमोरच्या गटाराच्या चराच्या अगदी काठाशी लावली. जेवून बाहेर आलो तर स्कूटर गायब. चोरीला गेली म्हणून बायकोवर खेकसूनही झालं. तिने बोटाने खाली दाखवलं. काठाची माती सोबत घेऊन स्कूटर चरात आडवी निजली होती. नशीब, मजूर जेवायला वर आले होते.

काठावर टेकूमामा उभे होते. चराच्या दोन्ही अंगांना फळ्या लावायच्या आणि मध्ये टेकू ठोकायचे, म्हणजे आतल्या माणसांवर माती ढासळत नाही, हे त्यांचं काम. घरीसुद्धा पलंग हलला की पाचर मारल्याशिवाय हा माणूस झोपत नाही, असं त्यांची बायको सांगते. आता आपला उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. मामा एवढंच म्हणाले, "गाडी नशीबवान. तिला श्वास घ्यावा लागत नाही."

फळ्या मात्र चरात नव्हत्या. ठेकेदाराकडे त्यांचा एकच संच. पुढच्या चौकात खणायला घेतलं की इथल्या फळ्या तिकडे, मग पाइप जोडणारे खाली असोत की नसोत. त्या जोडणाऱ्यांत मामांचा धाकटा भाऊ होता. सकाळी त्याच्या डोक्यावरचे टेकू मामांनीच काढून टेम्पोत भरले होते. मामांनी ठेकेदाराची विनवणी केली, तर माती तुमच्या कानात येऊन बोलते का, असं त्याने विचारलं. भावाला खाली जाऊ नको म्हटलं, तर दादा, आता जरा वहिनीचीही काळजी कर, म्हणत तो हसला आणि स्कूटर दोराने वर निघताच पुन्हा खाली उतरला.

मग मी नगरपालिकेला फोन केला. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि गाडीचा विमा आहे ना, असं आपुलकीने विचारलं.

दुपारभर मामा काठापासून हातभर मागे उभे. नजर भावाच्या टोपीवर. टोपी सरकली की मामाही सरकायचे. दिलेला चहा हातातच निवला. शेवटी मला राहवेना.

"मामा, बसा हो जरा. तुम्ही बघत राहिलात म्हणून माती थोडीच थांबणार आहे?"

टोपीवरची नजर न काढता ते म्हणाले, "नाही. पण कुठे उकरायचं ते कळेल."