वनस्पतीलाही तंतुकणिका असते, सर

मंडळी, आज मी एका वयस्कर शिक्षकाला भर सभेत उभं ठेवलं. मला अजिबात वाईट वाटत नाही.

नववीत असताना सिल्लोडच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी शिकवलं, "प्राण्याच्या पेशीत तंतुकणिका असते. वनस्पतीत तिच्याऐवजी हरितलवक."

मी म्हणाले, "सर, वनस्पतीत दोन्ही असतात. हरितलवक उन्हात अन्न बनवतं, पण त्या अन्नातून ऊर्जा काढायला तंतुकणिकाच लागते."

त्यांनी मला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं.

आज क्रांती चौकाजवळ शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला मी होते आणि समोर तेच सर, निवृत्तीला आलेले. मी मुद्दाम त्यांनाच उठवलं.

"सर, मुळाला ऊन लागत नाही, तिथं हरितलवक नसतं. मग मुळाच्या पेशीला ऊर्जा कोण देतं?"

त्यांनी चष्मा सारून माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "तंतुकणिका. तुम्ही सिल्लोडच्या ना? मला तेव्हाबी माहीत होतं, मॅडम. पोरीनं चूक काढलेली सहन झाली नाय."

म्हणजे माहीत असूनही आठवडाभर. मी फळ्याकडं वळले आणि तास संपेपर्यंत त्यांना बसा म्हटलं नाही.

खरं सांगा, तुम्ही म्हटलं असतं?