बायकी पेंढी

“हाताची घडी घाल,” मालक म्हणाला.

मी म्हटलं, काहून?

“बायकोच्या पातीत शिरलास ना? मंग बायकी पेंढी घे. घाल घडी.”

रानात तीस-चाळीस माणसं उभी. दिवस बुडायला आलेला. टाळकी ज्वारीचा उपटलेला ढीग पुढं पडलेला. आणि सगळे माझ्याकडं बघून राहिलेले.

आधी ही पेंढी काय, ते सांगतो. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली होती. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी त्या रानाला होतं, ज्वारी डोक्याच्या वर जायची. काढणीची मजुरी पैशानं नव्हती, कणसासकट पेंढीनं होती. दिवसभर आपली पात, म्हणजे वाटून दिलेला ज्वारीचा पट्टा, काढायची आणि सांजंला आपल्या हातानं एक पेंढी घेऊन घरी जायचं. गड्यानं दोन्ही हात पसरून, बोटाला बोट लागेल एवढी ज्वारी कवेत घ्यायची. बाईनं मात्र हाताची घडी घालायची, कोपर धरायचं, आणि त्या घडीत मावेल तेवढीच घ्यायची. गड्याची पेंढी डोक्यावर मावत नसे. बाईची काखेत धरून नेता यायची.

पात दोघांचीही सारखीच. मालक स्वतः सकाळी काठीनं मोजून द्यायचा. त्याच काठीनं सांजंला तो लांबूनच पेंढी दाखवायचा, कारण आम्ही बौद्धाची माणसं. आमचा घाम त्याच्या ज्वारीला चालायचा, आमचा हात त्याच्या हाताला चालत नव्हता.

त्या दिवशी झालं असं. माझी बायको गयाबाई लेकराला पाजायला बाभळीखाली गेली. झोळीत चार महिन्यांचं लेकरू, तापानं फणफणलेलं. तिची पात मागं राहिली. मी माझी पात संपवली, माघारी फिरलो आणि तिची काढायला लागलो. आपल्याच बायकोची पात. मालकानं ते बांधावरून पाहिलं.

मी घडी घातली. शाळेत दोन वर्षं गेलो होतो, तिथं दाराबाहेर बसून एवढंच शिकलो होतो : हाताची घडी, तोंडावर बोट. ते त्या दिवशी कामाला आलं. घडीत चार ताटं धरली.

मालकाचा सालगडी किसन हसत म्हणाला, “वयनी, उद्या लुगडं बी नेसून या.”

रान हसलं. आमच्या बौद्धवाड्यातले सुद्धा हसले.

कालव्याच्या कडंनं घरी निघालो. पुलाजवळ मी ती पेंढी खाली आपटली. म्हटलं, मरून जाईन पण ही घरात नेणार नाही. गयाबाईच्या डोक्यावर तिची पेंढी, पोटाशी लेकरू. ती वाकली, माझी पेंढी उचलली आणि आपल्या पेंढीवर ठेवली.

“एका सांजंला बायकी पेंढी भेटली, तर तुमचं तोंड असं झालं,” ती म्हणाली. “मला लगीन करून आनल्यापासून हीच भेटून राहिली. मी कुठं आपटू?”

मी म्हटलं, “बाईची रीतच हाय ती.”

“मंग आज तुमाला काहून झोंबली? रीतच हाय ना?”

घरी आल्यावर तिनं मेढीच्या खांबापाशी उभं राहून दोन्ही हात पसरले. “तुमीबी पसरा,” म्हणाली. मी पसरले. तिचे हात माझ्याहून जरासेच आखूड. तेवढ्यासाठी निम्मी पेंढी?

मालकाला मला गड्यातून उठवायचं होतं, तर त्यानं मला बाई केलं. त्याच्याजवळ माणसाला द्यायला त्याहून मोठी शिवी नव्हती. आणि ज्या शिवीनं मी जळत होतो, ती शिवी माझी बायको रोज डोक्यावर घेऊन घरी यायची. तिच्याच भाकरी मी खायचो.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पात काढली. सांजंला मालकाचा राग उतरला होता.

“ये रे. आज गडी हायस. घे गड्याची.”

मी हललो नाही. म्हटलं, “गयाबाई हात पसरून घेईल, तर मीबी घेईन. न्हाई तर मला नगं.”

“बायकोनं शिकवलं काय रे?”

“व्हय. तिनंच शिकवलं.”

किसन हसला. पण बाकी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात गयाबाई पुढं आली. हात पसरले, बोटाला बोट लावलं आणि ज्वारी छातीशी धरली. मालकानं काठी तिच्यापुढं आडवी केली.

“हात दुमड.”

“मालक,” ती म्हणाली, “सकाळी पात मोजताना काठी सरळ व्हती. माझ्या पातीला ती काहून न्हाई दुमडली?”

मालक काठीकडं बघत राहिला. मी आजही डोळे मिटले की त्याचं ते तोंड दिसतं.

मग तो ओरडला. किसननं तिच्या हातातली ज्वारी ओढून घेतली. कणसं तुटली, दाणे मातीत सांडले. “उद्यापासून माझ्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई,” मालक म्हणाला. आम्ही रिकाम्या हातानं निघालो. आमच्याबरोबर पात काढणारी म्हातारी पारूआजी मागून आली. तिनं आपली बांधलेली पेंढी तिथंच टाकली होती. “माझी घडी आता उसवली बाई,” एवढंच म्हणाली. बाकीच्या आल्या नाहीत. घरी लेकरं होती त्यांच्या. मी त्यांना नाव ठेवत नाही.

त्या साली आमच्या घरात ज्वारी आली नाही. वारंगा फाट्याला रस्त्याची खडी फोडली. हाताला फोड, डोळ्यात कच. तिथं ढीग बघून पैसे मिळायचे, ढीग कुणाचा हे बघून नाही. मालकानं दुसऱ्या गावची माणसं आणली. त्यांच्या बायांनी घडी घातली. आमच्यावाचून त्याचं काही अडलं नाही, हे खरंच आहे. पण त्याच्यावाचून आम्हीही मेलो नाही.

गयाबाई आता नाही. पेंढीची मजुरीही गेली, आता नोटा आहेत. हळदीच्या काढणीला कनेरगाव नाक्याकडचा एक माणूस फटफटीवर कामाला माणसं सांगायला येतो. परवा आला. नातसून दारात उभी.

“गड्याला येवढे, बाईला तेवढे. बराबर हाय ना, आजोबा?”

“बराबर न्हाई,” मी म्हटलं. “आमच्या घरात एकच भाव. न्हाई तर फटफटी फिरव.”

“जुनी रीत हाय, आजोबा.”

“मला माहीत हाय ती. मी घातली व्हती घडी.”

त्यानं फटफटी फिरवली. नातसुनेचा रोज बुडाला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “उद्या परत येईल त्यो. मानसं भेटंना त्याला.”

येऊ दे. उद्याही हेच सांगीन. माझ्या हातांना आता पाण्याचा तांब्याही धरवत नाही. पण ते दुमडणार नाहीत. हाताची घडी नाही. तोंडावर बोट नाही.