बंबात पिकलेलं मीठ

दयारामला मोटारीत चोरून मीठ पिकवताना सरकारने पकडलं आणि बेड्या घालून अलिबागला नेलं, ही बातमी एकतीस सालच्या चैत्रात रेवसच्या धक्क्यावर अशी काही पसरली, की मुंबईच्या लाँचमधून उतरणारे लोक बोचकं खाली ठेवायच्या आधी तीच विचारायचे. आदल्या वर्षी मिठावरून देशभर धरपकड झालेली, त्यामुळे ती कोणालाच खोटी वाटेना. त्यातलं खरं एवढंच, की मोटार दयारामची होती आणि मीठ खरोखरच तिच्यात पिकलं होतं. बेड्या मागाहून लागल्या. कोणी लावल्या ते विचारू नका. मी धक्क्यावर तिकिटं फाडतो. लाँचला उशीर झाला की लोकांना काहीतरी द्यावं लागतं.

दयाराम माझा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणात मिळून एकच शेवगा, आणि शेंगा मात्र नेहमी त्याच्या बाजूला लागायच्या. दुसऱ्याच्या आगरात मीठ पिकवणारा माणूस. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून तो सांगायचा, उद्या धरेल की परवा, आणि मीठ त्याच दिवशी धरायचं. अशा माणसाने सत्तावीस साली बैलांची जोडी विकून मोटार घेतली. किहीमला कोणा मुंबईकराच्या बंगल्यावर ती चार-पाच वर्षं झिजून पडली होती. आठ माणसांच्या मोटारीत चौदा बसवून दयाराम त्यांना रेवसहून अलिबागला न्यायचा. वाटेत दोनदा तरी पुढच्या बंबातून वाफ फुसफुसायची. मोटारीत पाणी घालायचं ते नळकांड्यांचं खोकं, त्याला आम्ही बंबच म्हणायचो. दयाराम खाली उतरायचा, डबा घेऊन खाडीकडे जायचा, बंब भरायचा, की पुन्हा चालू. आमच्या पाड्यातल्या विहिरी मचूळ, गोडं पाणी अर्ध्या कोसावर टेकाडाखाली. खाडी मात्र रस्त्याला लागूनच. त्यात काही चुकतंय असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. मला तर वाटायचं, माणूस हुशार आहे.

पुढे रस्त्यावर नव्या मोठ्या मोटारी आल्या, त्यांना वेळापत्रक आलं, आणि दयारामची गाडी तापायला लागली ती थांबेचना. मैलभर गेली की धापा. तीस सालच्या पावसाळ्यात त्याने ती अंगणात नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभी केली.

फाल्गुनात त्याची बायको ठमी टेकाडाखालून पाणी आणताना बांधावर घसरली. हंडा फुटला नाही, मांडीचं हाड मोडलं. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या. अलिबागचे डॉक्टर बघून म्हणाले, "हे वाकडं धरतंय. महिन्याभरात मुंबईला न्या, दोन-तीन महिने तिथे पडून राहावं लागेल. उशीर केलात तर बाई उभी राहायची नाही." आगर दुसऱ्याचं, बैल गेलेले. घरात विकण्याजोगी वस्तू म्हणजे ती मोटार.

गिऱ्हाईक मीच शोधलं. म्हसळ्याचे हसनमियाँ. त्यांना दिघीहून घाटाच्या रस्त्याने म्हसळ्याला उतारू न्यायचे होते. मोटार आगरदांड्यापर्यंत चालवत न्यायची आणि दोन होड्या एकमेकींना बांधून खाडीपार करायची, इथपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. ते येणार त्या दिवशी पहाटेच मी दयारामकडे गेलो. खोबरेल चोळून मोटारीचं अंग असं चकचकीत केलं, की त्यात माझं तोंडसुद्धा बरं दिसायला लागलं. ठमीवहिनी पडवीत खाटेवर पडल्या पडल्या हुकूम सोडत होत्या.

"भावजी, दिवं बी पुसा. आंधळी गाडी कोन घेल?"

"वहिनी, तुम्हाला कधी बसवली नाही ना हिच्यात त्याने?"

"न्हाय. आता हिच्या पैशानं होडीत बसवनार हाय."

त्या हसल्या, आणि हसताना दुखलं म्हणून थांबल्या. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातला विसावा दिवस होता तो.

दयारामला मी पढवून ठेवलं. "मियाँ यायच्या आधी इंजिन चालू करून तापवू नकोस. इथून धक्क्यापर्यंतच, सपाट रस्त्याने ने आणि परत आण. चढ घेऊ नकोस. विचारतील तेवढंच बोल."

त्याने सगळं तसंच केलं. हसनमियाँ आपल्या सदू मिस्त्रीला घेऊन आले, मोटारीत बसले, धक्क्यापर्यंत जाऊन आले. उतरले तेव्हा खूश होते. "आवाज दुरुस्त आहे," म्हणाले. किमतीत त्यांनी फार घासाघीसदेखील केली नाही. पडवीत चहा झाला. ठमीवहिनींची खाट पाहुण्यांसाठी आत हलवली होती; तिथे त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते, ते मला दाराच्या फटीतून दिसत होतं. मियाँ कोटाच्या आतल्या खिशात हात घालत होते, आणि सदू मिस्त्री सहज, नुसतं बोलायचं म्हणून बोलला,

"बंबात पानी कुठलं घालता, दयारामशेट?"

"खाडीचं," दयाराम म्हणाला. जसं कोणी म्हणावं, भात तांदळाचा.

मी खोकलो. मोठ्याने खोकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला पाणी आणून दिलं.

सदूने कप खाली ठेवला. "इतकी वर्सं खाडीचं?"

"मग? त्यात काय झालं?"

"मीठ धरतंय ना त्यानं."

आता दयाराम हसला. मिठाच्या बाबतीत त्याला शिकवणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. "मिस्त्री, माजा जल्म आगरात गेला. मिठाला ऊन लागतं, वारा लागतो. पानी पसरून ठेवावं लागतं. बंबाला झाकन हाय. आत ऊन न्हाय, वारा न्हाय. मीठ धरंल कसं?"

सदू उठला. त्याने मोटारीखाली सरकून बंबाची खालची तोटी सोडली. थेंब आला नाही. मग त्याने तार घेतली आणि तोटीत खुपसून ढोसलं. पांढरा खडा खाली पडला. मग दुसरा. मग भसकन एक मूठभर. वरची रबरी नळी काढली, तर तीही आतून पांढरी. सदू म्हणाला, पाणी तापून वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं; इंजिनाच्या आतदेखील हेच असणार, म्हणूनच तापते. मीठ धुऊन काढलं तरी आतलं लोखंड गंजून गेलेलं, घाटात तर पहिल्या वळणाला फुटेल.

दयाराम उकिडवा बसला. एक खडा उचलून त्याने जिभेला लावला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो हळूच म्हणाला, "मीठच हाय." आणि थोड्या वेळाने, सवयीने, "चांगलं हाय."

नेमका त्याच वेळी मीठ खात्याचा शिपाई बांधावरून चालला होता. मोटारीखाली पांढरा ढीग बघून तो थबकला, "हे काय रे?" म्हणाला, आणि आपल्या वाटेने निघून गेला. माझी बातमी एवढ्यावर उभी होती.

हसनमियाँ भला माणूस. त्यांनी खिशातला हात रिकामा बाहेर काढला, पण लगेच उठले नाहीत. "दयारामभाई, खुदाची कसम, मला घ्यायची होती. पण घाटात चौदा माणसं घेऊन मी हिच्या भरवशावर कसा जाऊ?" शेवटी त्यांनी चार चाकं आणि भोंगा विकत घेतला. सदूने चाकं काढली, मोटार दगडांवर ठेवली. त्या पैशांत मुंबईला जाता आलं असतं, पण तिथे राहता आलं नसतं. दयाराम अलिबागला जाऊन डॉक्टरांपुढे बसून आला. डॉक्टर चांगले बोलले, आणि महिना संपला.

हाड वाकडं धरलं ते धरलंच. ठमीवहिनी आता पडवीतून चुलीपर्यंत बसून सरकत जातात, आणि तिथून परत. मुंबईचं नाव त्या घरात कोणी काढत नाही. मोटारीचं एक दार मी कोंबड्यांच्या खुराड्याला नेलं. दयारामने का म्हणून विचारलं नाही. बाकीचं पत्र्याचं अंग खाऱ्या वाऱ्याने इतकं खाल्लंय, की बोट लावलं तर आत जातं.

टेकाडाखालचं पाणी आता दयारामच आणतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि बांधावर बायकांची रांग. पुरुषाच्या डोक्यावर हंडा आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. पहिले काही दिवस बायका पदरात तोंड घालून हसल्या, मग त्यांनी त्याला रांगेत मधे जागा दिली. मी मात्र धक्क्यावर त्याचं नाव "दयारामबाई" पाडलं, आणि ते चाललं. पाच वर्षं झाली, अजून चालतं. तो ओ देतो.

परवा मी अंगणात दात घासत होतो, तो हंडा घेऊन आला. मान ताठ, पाय सावकाश, गालावरून पाणी ओघळत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय दयारामबाई! हेच तेव्हा सुचलं असतं तर? रोज दोन हंडे गोडं पाणी त्या बंबात ओतलं असतंस, तर मोटार विकली गेली असती, वहिनी चालल्या असत्या, आणि तू आज माझ्यासारखा सुखात दात घासत असतास."

तो थांबला. हंडा डोक्यावरच होता, त्यामुळे मान न वळवता, समोर बघतच बोलला.

"कोंडाजी, आमच्या घरात गोडं पानी ठमीच्याच डोक्यावरनं यायचं. त्या लोखंडासाठी आनखी दोन हंडे मी तिच्यावर चढवायचे हुते? तू चढवलं असतंस?"