तीन तांब्यांचा फोटो

पंचवटीतल्या आमच्या घरची तुळस पिवळी पडून माना टाकू लागली, तेव्हा मी बागकामाच्या एका ऑनलाइन ग्रुपवर तिचा फोटो टाकला. पहिल्याच शहाण्याने लिहिलं, "फोटो काढण्याआधी कट्टा तरी आवरायचा!" माझं डोकंच फिरलं. मी काय कट्टा दाखवायला बसले होते?

मग सुरगाण्याकडच्या, भातशेती करणाऱ्या एका काकांचं उत्तर आलं. "ताई, कुंडीशेजारी तीन तांबे दिसतात. पाणी किती जण घालता? तुळस वाळली नाय, बुडाली हाय."

मी घरात विचारलं. अंघोळ झाली की मी एक तांब्या घालायचे, पूजेनंतर सासूबाई दुसरा, आणि आम्हा दोघींवर भरवसा नाही म्हणून सासरे गुपचूप तिसरा. वर तुळस सुकल्याचा दोष आम्ही एकमेकांना देत होतो.

आता पाणी घालायचा मान फक्त सासूबाईंचा. पालवी फुटली तेव्हा काकांचे आभार मानायला मी नवा फोटो टाकला. कट्टा मुद्दाम तसाच पसरलेला ठेवला होता. तांब्या मात्र एकच होता.