एकवीस काठ्यांची मोकळी जागा

मला पाहायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी एकच प्रश्न विचारला होता. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही नाही. "पाच फुटी पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला किती फूट पळेल?" अमळनेरच्या आमच्या बैठकीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मावशीनं मागून चिमटा काढला, म्हणजे गप्प बस. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर आकडे मांडले आणि म्हणाले, "सातशे पंच्याऐंशी. वर थोडं." मॅट्रिकला मी शाळेत गणितात पहिली आले होते. हे जागेवरून उठलेच. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला, पण लग्न ठरलं.

प्रश्नाचं कारण सासरी आल्यावर कळलं. खळ्यात, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, बांबू आणि जाड्याभरड्या कापडाचे दोन पंख ठेवलेले होते. हे जळगावच्या कापसाच्या जिनांमधली इंजिनं दुरुस्त करायचे आणि सुटी मिळाली की विमान बांधायचे. कुठल्याशा परदेशी मासिकाचा एक अंक त्यांच्याकडे होता, त्यात घरी बांधायच्या लहान विमानाचे नकाशे होते. इंग्रजी मला त्यांच्यापेक्षा बरं येत होतं आणि गणित तर कितीतरी बरं. तेव्हा भाकरी थापून झाल्या की मी मासिक वाचून सांगायची आणि आकडेमोड करायची. खरं सांगते, दिवसातला तेवढाच वेळ मला माझा वाटायचा.

स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली होती. परवानगी नावाची काही गोष्ट लागत असेल, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला वाद इंजिनाचा. ह्यांचा जीव विहिरीवरच्या ऑइल इंजिनावर. ते कधी बंद पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्याला हलवायला चार माणसं आणि दोन बांबू लागत. मी म्हटलं, हे उडवण्यापेक्षा विहीर उडवणं सोपं. मग धुळ्याच्या भंगार बाजारातून, लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल आली. तिचं इंजिन हलकं होतं, पण त्याला भारी घाई. मिनिटाला साडेचार हजार फेरे. विमान ओढणाऱ्या पंख्याला एवढी घाई चालत नाही. मोठा पंखा सावकाश फिरला तरच वाऱ्याला नीट धरतो, लहान पंखा जोरात फिरला तर नुसता आवाज करतो. म्हणून इंजिनाला चौदा दात्यांचं चाक, पंख्याला अठ्ठावीस दात्यांचं आणि मध्ये साखळी, असा तोडगा मी काढला. ह्यांनी तो चार जणांत स्वतःचा म्हणून सांगितला. मी त्या दिवशी वरणात मीठ घातलं नाही.

दुसरा वाद पंखा पुढं की मागं. मागं लावला तर इंजिनाला वारा लागणार नाही आणि ते तापून बसेल. म्हणून पुढं, असं ठरलं. पंखा पुढं म्हणजे सगळा वारा बसणाऱ्याच्या तोंडावर. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता आबा. आबा म्हणजे माझे सासरे. केळीच्या बागांचे मालक, शब्दाला पक्के. सुनेशी सरळ बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. मला काही सांगायचं असलं तर ते मुलाला सांगत आणि मुलगा घरी नसला तर ओसरीच्या खांबाला. "आते चहा व्हयना पाहिजे," असं खांबाला सांगितलं की मी आधण ठेवायची. मीही उत्तर खांबालाच द्यायची. आबांना त्या मोटारसायकलच्या इंजिनावर खालच्या विहिरीचा पंप चालवायचा होता. एक दिवस त्यांनी मुलाला बजावलं, "आखाजीलोंग जमीन सोडी ते ठीक. नही ते इंजिन हीरवर, पंखा चुल्हामा." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अडीच महिने होते. ह्यांचा चेहरा पडला. माझा त्याहून जास्त पडला, पण पदराआड कुणाला दिसला नाही. इंजिन विहिरीवर गेलं की माझी आकडेमोडही विहिरीतच जाणार होती.

पंखा करायला पारोळ्याहून एक सुतार आणला. दारं-चौकटी आणि बैलगाड्या यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ह्यांनी त्याला मासिकातलं चित्र दाखवलं. त्यात पंख्याचं एकच पातं दिसत होतं, दुसऱ्याचा कागद वाळवीनं खाल्ला होता. त्या एका पात्यावरून पत्र्याचा फर्मा कापला. सुतारानं सागाच्या फळ्या सरसानं एकावर एक चिकटवल्या, फर्मा लावून एक बाजू तासली, मग फर्मा उलटा करून दुसरी. इतकं गुळगुळीत काम मी आजवर पाहिलेलं नाही. "देखा वैनी," तो म्हणाला, "डावं-उजवं बठ्ठं बराबर शे." आम्ही दोघांनीही मान डोलावली. पहिल्या नंबरच्या हुशार बाईनंसुद्धा.

पंखा बसवला, इंजिन सुरू केलं. विमान असं थरथरायला लागलं की कोंबड्या गंजीवर चढून बसल्या. पण जागचं तसूभर हललं नाही. धूळ पुढंही उडे आणि मागंही, इंजिन मात्र पाच मिनिटांत तव्यासारखं तापे. ह्यांना इंजिनाशिवाय दुसरं काही सुचत नसे. त्यांनी कार्बोरेटर उघडला, प्लग बदलला, साखळी ताणली, मग ढिली केली. आठ दिवस असेच गेले. आबा रोज खांबाला विचारत, "हीरवर कधी लेई जावानं?"

तेलानं माखलेला तो पंखा मी शेवटी धुवायला घेतला. मोरीच्या दगडावर आडवा ठेवला, मधोमध उभी राहिले आणि उजव्या पात्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते उतरून माझ्या पायावर आलं. डाव्या पात्यावर ओतलं. तेही माझ्याच पायावर. मी तशीच ओल्या पायांनी उभी राहिले. फिरताना एक पातं माझ्याकडे येतं तेव्हा दुसरं माझ्यापासून लांब जातं. मग उतार दोन्हीकडे सारखाच कसा चालेल? एकाचं पाणी माझ्याकडे यायला हवं आणि दुसऱ्याचं पलीकडे जायला हवं. म्हणजे आमचं एक पातं वारा मागं ढकलत होतं, दुसरं पुढं, आणि दोघांच्या भांडणात विमान मध्ये उभं होतं. मी तांब्या टाकून खळ्याकडे धावले. ह्यांनी ऐकून घेतलं, पंख्याकडे पाहिलं आणि मग मला हात जोडले. वरणातल्या मिठाचं तेव्हा कुठं फिटलं.

सुताराला मात्र पटेना. "दारन्या दोन फळ्या अश्याच ऱ्हातस," तो म्हणाला. जोडी म्हणजे एक डावं आणि एक उजवं, हे त्याच्या हातात बसलेलं. दोन्ही पाती एकाच वळणाची करायची म्हणजे दोन्ही पायांत डाव्याच वहाणा घालण्यासारखं त्याला वाटत होतं. तरी त्यानं दुसरा पंखा केला, रागारागानं केला आणि वर बजावलं, "कोणले सांगू नका, हाई मी करेल शे."

नवा पंखा लावून केळीचे घड तोलायच्या काट्याला शेपटी बांधली आणि इंजिन सोडलं. काटा सव्वा मणावर गेला. एवढ्या ओढीत किती वजन उचलेल याचा हिशोब ह्यांनी मांडला, तर बसणारा दीड मणाच्या आतला हवा असं निघालं. ते दोन मणांचे. मी एक मण चार शेरांची. हा हिशोब मी पंधरा दिवसांपूर्वीच केला होता आणि मुद्दाम तोंड उघडलं नव्हतं. पंखा पुढं ठरला त्या दिवसापासून मला बसायचं होतं. त्या घरात आल्यापासून इतकं काहीच मला हवंसं वाटलं नव्हतं.

विमानात मी बसणार हे सांगितल्यावर आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, सुनेच्या जिवाची काळजी करताहेत. मग मुलाला म्हणाले, "आनि पदरनं काय?" चाचणीत मी पदराला गाठ मारून पाहिली होती. ती सुटून पदर शेपटीच्या तारेत अडकला होता. डोक्याला फडकं बांधू, असं ह्यांनी सुचवलं. "फडकं म्हंजे पदर नही," आबा म्हणाले. तो दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच निकाल दिला, "आम्ही बठ्ठा पाठ करी उभा ऱ्हासूत."

आखाजीच्या दिवशी उजाडतानाच आम्ही कापूस निघालेल्या वावरात गेलो. उन्हं चढली की हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर कमी होतो, म्हणून मी एवढ्या लवकरची वेळ धरली होती. घरच्या बायका पितरांची घागर भरण्यात गुंतल्या होत्या. वावरात आम्ही चौघंच, हे, आबा, सुतार आणि मी. मी कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि बसले. आबांनी पाठ फिरवली. सुतारानंही फिरवली. हे पंखाचं टोक धरून बरोबर पळणार होते.

विमान खडखडत निघालं. दात वाजत होते, ढेकळं उडत होती, हे पळत होते. मग ते दिसेनासे झाले. आणि एकाएकी खडखडाट थांबला. मला वाटलं, काहीतरी तुटलं. समोर वावराचा बांध येताना दिसला, म्हणून मी इंजिन कमी केलं. दाणकन आदळलो, पुन्हा खडखडलो, विमानाचं नाक मातीत गेलं आणि पंख्याचं एक पातं कडाडून मोडलं.

आबा वळले. "उडनं का रे?" त्यांनी मुलाला विचारलं. हे मागं तोंडावर पडले होते, माती थुंकत होते. "मन्हा डोयामा धूय गयी, आबा. नही देखं." सुतार म्हणाला, "मी बी पाठच करेल व्हती." मला कुणी विचारलं नाही. वावरात खांब नव्हता.

"मंग हीरवर," आबा म्हणाले.

मला इतका संताप आला की रडूच आलं. मी डोक्यावर पदर घेतला, उतरले आणि चाकांच्या चाकोरीवरून मागं चालत गेले. एका जागी चाकोरी संपली. मी तिथं बसले. आबा मागोमाग आले. पुढं काळी माती होती, ढेकळं होती तशीच होती, एकही फुटलेलं नव्हतं. लांब पलीकडे पुन्हा दोन चाकोऱ्या दिसत होत्या. आबांनी खाली वाकून मातीत बोटं घातली. मग हातातली काठी आडवी टाकत टाकत ते पलीकडच्या चाकोरीपर्यंत गेले. एकवीस काठ्या भरल्या. मग काठी उचलून ते घरी निघून गेले.

दुपारी पुरणपोळी खाऊन ते पुन्हा वावरात गेले आणि त्या मोकळ्या जागेभोवती बाभळीच्या काट्या लावून आले, गुरं शिरू नयेत म्हणून. इंजिन विहिरीवर गेलं नाही. आखाजीला आलेल्या पाहुण्यांना ते वावरात घेऊन जाऊ लागले. एक पाहुणा म्हणाला, "इथं तर काहीच नाही, आबा."

"तेच ते देखानं शे," आबा म्हणाले.

त्या दिवशी मी पाहुण्यांना पाणी द्यायला ओसरीवर आले. आबा खांबाला टेकून बसले होते. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, नवा पंखा कधी व्हई? आते मी तोंड इकडेच ठेवसू. पदर उडना ते उडू दे."

चार वर्षांत आबा माझ्याशी सरळ बोलले ते पहिल्यांदाच. मीही त्यांच्याकडेच पाहून म्हणाले, "आठ दिवसांत, आबा. पण आधी पाणी ओतून बघेन."