रेडिएटरचं पिवळं पाणी

घरातलंच कोणीतरी माह्या गाडीचं वाटोळं करून राह्यलं, हे मले तिसऱ्या दिवशी पटलं. तेही नाकानं! सांगते, पण आधी गाडीचं ऐका.

आमचा रिठदजवळ भाजीचा मळा हाये. गोबी, वांगे, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. माल न्यायले बाबाचा लहान ट्रक होता, तो दोन वर्षांपासून लिंबाखाली उभा. जंग इतका का दरवाजा आपटला तर पायावर लाल भुकटी पडे. काका, म्हणजे बाबाचा लहाना भाऊ, पहिले तोच हा ट्रक चालवे, अन तोच म्हणे, "भंगारात द्या." आई म्हणे, जागा मोकळी होईन.

मी आयटीआयले डिझेल मेकॅनिक करून राह्यली, वर्गात एकटीच पोरगी. मले राग आला. म्हणलं, मी चालू करते. बाबानं अट घातली, "केनवडच्या बाजाराले माल भरून कुठीच न थांबता पोचला तर ठेवू. नाई तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला नेईन. त्याले सांगून ठेवलं."

हातात पाच दिवस. दोन पाने, एक पेचकस, तारेचा ब्रश, अन शेजारचा जॅक, जो आपोआप खाली बसे म्हणून खाली इटा लावल्या. सडलेल्या तळाले तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, अन गाडी लागली! काळा धूर, कोंबड्या भिंतीवर, मी नाचून राह्यली. रेडिएटर तेवढा टपटप गळे, त्याले भोकं बुजवायचा दुकानातला मसाला मळून लेप लावला. दुसऱ्या दिवशी गळती बंद.

पण दहा मिनटं इंजिन चालवलं का तापमानाचा काटा लाल रेघेवर. तिसऱ्या दिवशीही तेच. गाडी थंड होऊ देली, फडकं धरून झाकण उघडलं, तर आत पाणी पिवळं, पातळ वरणावानी. वास घेतला. हळद!

काकाच. यंदा त्याचीच हळद निघाली होती, पोते त्याच्याच ओसरीत. म्हणलं बोटं पाहू, तर पिवळे! पण हळदीचेच दिवस, बाबाचे बी पिवळे, आईचे बी, माहे सुद्धा.

"काका, रेडिएटरले हात लावला का तुमी?"

"मी कायले लावू? भंगार हाये ते."

लई लवकर बोलला. मी पाणी सोडलं, नवं भरलं. दुपारी पुन्हा पिवळं! आता आईवरही नजर गेली. ती लिंबाखाली काहून बसून राहते?

"हळद वाळू घातली, बकऱ्या येतात," आई म्हणे. बकरी तर एकही दिसली नाई मले. अन बाबा माह्याकडे पाहतच नव्हता.

मंग मी एक काम केलं. इंजिनचं जुनं काळं ऑइल झाकणाच्या खालून बारीक फासलं. ते साबणानं निघत नाई, नखात राहते.

दुसऱ्या दिवशी जेवाले बसलो. मी भाकर सोडून हातच पाहून राह्यली. काकाचा अंगठा काळा!

"काका!"

"माह्यावर कायले वरडतं? तुया बापाचे हात पाह्य ना!"

बाबाची दोन नखं काळी. मी आईकडे पाह्यलं, तर तिनं वाढता वाढता हात पदराखाली घेतला.

"तू बी?"

काका कबूल झाला, "अवं, लाइनवर, अर्ध्या रस्त्यात, रेडिएटर गळला का डायवर लोक चिमूटभर हळद टाकतात. भोकं बुजतात. तुया लेपावर भरोसा नव्हता मले."

"चिमूटच टाकली?"

"...मूठ."

"मी बी मूठ," बाबा ताटात पाहून म्हणे. "रोज."

"मी डाव भरून," आई म्हणे. "या दोघाईलेच पाहून शिकली."

अन हळदही घरची, जाडीभरडी, जात्यावरची! रेडिएटरच्या नळ्या नळ्या बंद. मी वरडली, "भंगारात द्या म्हणत होते ना तुमी?"

"म्हणायले काय जाते," काका म्हणे, अन भाकर मोडली.

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. रेडिएटर उतरवला, चारातला एक बोल्ट तुटला, तिथी तार बांधली. काकानं खालच्या तोंडाले पाण्याच्या मोटारीचा पाइप धरला. अंगणभर पिवळा गाळ. साफ पाणी यायले दिवस मावळला.

पहाटे गोबी भरली. मी चालवून राह्यली, बाजूले बाबा, खिडकीशी काका. रस्ताभर कोणी रस्ता पाह्यला नाई, तिघंही काट्याकडे. चढावर तो हालला. काकानं खिशात हात घातला.

"हात बाहेर!" बाबा म्हणे.

"तंबाखू हाये!"

"दाखव."

तंबाखूच होती. काटा मध्यातच राह्यला, केनवड आलं. बाबा खाली उतरला, फोन काढला, अन आमच्याकडे पाठ करून भंगारवाल्याले म्हणे, "येऊ नको उद्या." भाऊच चालवते का पुन्हा, असं तिकडून त्यानं विचारलं असन. बाबा म्हणे,

"नाई, आता पोरगी चालवते."